दिवाळीतील किल्ला

दिवाळीतील किल्ला म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी अंगणात, वाड्याच्या चौकात किंवा इमारतीच्या आवारात माती, दगड व विटा वापरून उभारलेली किल्ल्याची लहान प्रतिकृती होय. ही प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. पश्चिम महाराष्ट्रात ती विशेष रूढ असून मराठवाड्यातील नांदेड, लातूर यांसारख्या शहरांतही मुले किल्ले करतात. किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांची सिंहासनारूढ मूर्ती व मावळ्यांची चित्रे मांडली जातात.

बांधणी

प्रथम दगड, फुटक्या विटा किंवा वीटकर रचून डोंगराचा आकार साधतात. त्यावर चिखलात भिजवलेले गोणपाट अंथरून चाळलेल्या मातीचा लेप देतात. तट, बुरूज, पायऱ्या व दरवाजा हे भाग हाताने घडवतात. हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेरतात; ती थोड्याच दिवसांत उगवते. रस्ते चुन्याने किंवा रांगोळीने दाखवतात, तर तळ्यासाठी एखादे पसरट भांडे मातीत पुरतात.

माती कोणती यावर काम अवलंबून असते. नांदेड-लातूर भागातील काळी माती ओली असता फुगते व वाळताना आकसते. त्यामुळे केवळ तिचाच लेप दिल्यास त्याला भेगा पडतात. वाळू, मुरूम किंवा भुसा मिसळल्यास भेगा कमी होतात. मराठवाड्यातील जुन्या गढ्यांच्या भिंती आणि घरांची माळवदे यांसाठी काळ्या मातीऐवजी पांढरी माती वापरली जाण्याचे कारणही काळ्या मातीच्या याच गुणधर्मात आहे.

प्रमाण

दिवाळीच्या किल्ल्यात माणूस व तट यांचे माप सहसा जुळत नाही. बाजारात मिळणारा मातीचा मावळा सुमारे १० सेंमी उंच धरल्यास तो खऱ्या माणसाच्या साधारण सतराव्या हिश्श्याइतका भरतो. त्याच मापाने लातूर जिल्ह्यातील औसा किल्ल्याचा सुमारे ३६ मीटर रुंदीचा खंदक दाखवायचा झाल्यास तो दोन मीटरांहून अधिक रुंद करावा लागेल. त्यामुळे मावळा बुरुजापेक्षा उंच दिसतो. सजावटीच्या दृष्टीने यात काही बिघडत नाही. मात्र तट चढणे किती अवघड होते, हे अशा प्रतिकृतीवरून कळत नाही.

तयार किल्ले आणि प्लॅस्टिकचे संच

अंगणे कमी झाल्यामुळे शहरांत प्लास्टर ऑफ पॅरिस, फायबर इत्यादींचे तयार किल्ले विकत घेतले जातात. ते मांडण्यास सोपे असून पुढील वर्षीही वापरता येतात. परंतु त्यांत बांधणीचा भाग उरत नाही.

मेजावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांसाठी बनवलेले प्लॅस्टिकचे संच या तयार किल्ल्यांहून वेगळे असतात. खेळण्यातील सैनिकांची लढाई नियमांत बांधणारे एच. जी. वेल्स यांचे 'लिट्ल वॉर्स' हे पुस्तक १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आज या छंदात सुमारे २८ मिमी उंचीचे सैनिक प्रचलित आहेत. त्यांच्या मापाला जुळणाऱ्या मध्ययुगीन घरांचे, तटांचे व बुरुजांचे सुटे भाग पॉलिस्टायरीनमध्ये साच्यातून काढले जातात. भाग चौकटीतून कापून, घासून चिकटवायचे व नंतर रंगवायचे असतात. इमारत व माणूस एकाच प्रमाणात असणे हे अशा संचांचे मुख्य मूल्य होय. तटाआड उभा असलेला सैनिक शत्रूला दिसतो की नाही, हे खेळताना प्रत्यक्ष पाहता येते. या मापाने औसा येथील खंदक सुमारे ६० सेंमी रुंद होतो, म्हणजे तो एका मेजावर मावतो. मात्र यांतील बहुतेक इमारती युरोपीय धर्तीच्या असतात. त्यामुळे येथील भुईकोट दाखवायचा असल्यास पुठ्ठा, थर्माकोल किंवा माती घेऊन तो स्वतःच करावा लागतो.

नांदेड व लातूर येथील नमुने

दिवाळीचा किल्ला बहुधा सह्याद्रीतील गिरिदुर्गाच्या आकाराचा असतो. नांदेड जिल्ह्यातील माहूरगड हा गिरिदुर्ग असला, तरी या दोन जिल्ह्यांतील कंधार, औसा व उदगीर हे प्रमुख किल्ले भुईकोट आहेत. डोंगराचा आधार नसल्यामुळे भुईकोटाचे संरक्षण खंदक, बाहेरचा पडकोट, आतील उंच तट व वळणाचा प्रवेशमार्ग यांवर अवलंबून असते. तटावर चर्या असतात आणि मारा करण्यासाठी जंग्या ठेवलेल्या असतात.

कंधारच्या किल्ल्याची उभारणी राष्ट्रकूट काळाशी जोडली जाते. औसा येथील किल्ला खोलगट जागी आहे. सभोवतालच्या उंच भूमीमुळे तो दुरून फारसा दिसत नाही. किल्ल्याच्या सर्वांत उंच जागेवरून मात्र येणारे सैन्य लांबूनच दिसते. प्रतिकृती करताना केवळ किल्ला न घडवता भोवतालची जमीनही उंच केली, तरच ही योजना ध्यानात येते. उदगीर येथे १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा पराभव केला.

महत्त्व

'भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने १२ किल्ल्यांचा समावेश २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांपैकी ११ किल्ले महाराष्ट्रात असून त्यांत मराठवाड्यातील एकही नाही. येथील भुईकोटांची ओळख मुलांना होण्याचा एक सोपा मार्ग म्हणून स्थानिक किल्ल्याची प्रतिकृती उपयोगी पडते. त्यासाठी मुलांना किल्ल्यावर जाऊन पावलांनी अंतरे मोजावी लागतात, दरवाजाची दिशा पाहावी लागते आणि आराखडा काढावा लागतो.

अशी मापे राखून ठेवण्याचे मोल या भागाला विशेष आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरातील भूकंपात मातीच्या गाऱ्यात रचलेल्या जाड दगडी भिंतींची व जड माळवदांची घरे कोसळून हजारो माणसे दगावली. पुनर्वसनात गावे नव्या जागी, नव्या पद्धतीने वसवली गेली. ओसरी, चौक व माळवद असलेले जुने घर या गावांतील पुढच्या पिढीला पाहण्यास उरले नाही. गावोगावच्या गढ्याही ढासळत असून त्यांची माती इतर कामांसाठी नेली जाते. मोजून केलेली प्रतिकृती मूळ वास्तूची जागा घेऊ शकत नाही. तरीही वास्तू पडल्यानंतर तिची रचना समजून घेण्याचे ते एक साधन ठरते.

साधारणतः तुळशीच्या लग्नापर्यंत किल्ला ठेवतात. त्यानंतर मावळे उचलून ठेवले जातात आणि माती पुन्हा अंगणात मिसळते. त्यामुळे किल्ला मोडण्यापूर्वी त्याचा आराखडा व छायाचित्रे जपून ठेवणे उपयुक्त ठरते.