कमानीच्या गाभ्यातले लाकूड

तुर्की कमानीची दोरी उतरवली की ती उलटी वळते. तिची टोके तिरंदाजाकडे न येता पुढे, लक्ष्याच्या बाजूला वळतात. दोरी चढवायची तर ही वळलेली कमान आधी सरळ करावी लागते आणि मग विरुद्ध दिशेला वाकवावी लागते. त्यामुळे बाण लावण्यापूर्वीच तिच्यात बरीच ऊर्जा साठलेली असते. घोड्यावर बसून डावीउजवीकडे सहज फिरवता येईल एवढी ही कमान आखूड असते, तरी बाण फार दूर फेकते. त्याचे रहस्य या उलट्या वळणात आणि तिच्या थरांत आहे.

स्थितिस्थापकता शिकवताना मी या कमानीचा आडवा छेद फळ्यावर काढतो. त्यात तीन थर असतात. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी, लक्ष्याकडच्या बाजूला जनावराच्या टाचेवरच्या कंडरांचे धागे, आणि मधे लाकडाचा गाभा. हे सगळे सरसाने चिकटवलेले असते. कमान ओढली की बाहेरची बाजू ताणली जाते आणि आतली दाबली जाते. कंडरा ताण उत्तम सहन करते, शिंग दाब उत्तम सहन करते. जे काम ज्याला जमते ते त्याला दिलेले आहे.

यावर वर्गात एक प्रश्न हमखास येतो: "सर, मधल्या थरावर ताणही नाही आणि दाबही नाही, मग तिथे कुठलेही लाकूड चालेल ना?" प्रश्न अगदी योग्य आहे. हा लेख त्याच्या उत्तरासाठी आहे.

दोनशे पानी वही हातात घ्या आणि वाकवा. पानांच्या कडा एकमेकींवरून सरकतात आणि वहीची कड तिरकी होते. आता कल्पना करा, की सगळी पाने एकमेकांना चिकटवली आहेत. सरकायला जागाच नाही, म्हणून वही फळीसारखी कडक होईल. हे सरकणे थोपवणारे बल सर्वांत जास्त असते ते नेमके मधल्या भागात. शिंग आणि कंडरा एकमेकांवरून सरकू पाहतात आणि लाकूड त्यांना धरून ठेवते. शिवाय ते दोघांना ठरावीक अंतरावर ठेवते. वाकणाऱ्या पट्टीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर कडकपणा आठपट होतो, आणि जाडी फक्त दहा टक्क्यांनी वाढली तरी तो जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. एका बाजूचा गाभा थोडा जाड राहिला, की ती बाजू कमी वाकते, दुसरीवर जास्त भार येतो आणि कमान वाकडी ओढली जाते. म्हणून गाभ्याचे लाकूड निवडून, मोजून आणि धीराने घडवावे लागते.

उस्मानी कारागीर त्यासाठी मेपल वापरत. त्याचे सूक्ष्म छिद्रांचे एकसारखे पोत सरस छान शोषते आणि ते वाफेने चांगले वाकते. ओंडका करवतीने कापण्यापेक्षा पाचर ठोकून फोडणे चांगले. करवत सरळ जाते, पण झाडाचे तंतू सरळ असतीलच असे नाही. पाचरीने फोडलेली पट्टी तंतूंच्या वाटेनेच फुटते, म्हणून तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड राहतात. जिथे तंतू कडेने बाहेर निघून गेलेला असतो, तिथेच वाकवताना चीर पडते.

गाभा एकसंध नसतो. मधे मूठ, तिला तुर्कीत 'कबझा' म्हणतात. आपल्या 'कब्जा' या शब्दाचे मूळही तेच, अरबी भाषेतले. 'कमान' हा आपला शब्दही फारसीतून आला आणि तिरंदाजाला तुर्कीत 'केमानकेश' म्हणतात त्यात तोच आहे. मुठीच्या दोन्ही बाजूंना वाकणारे भाग, म्हणजे 'साल', आणि शेवटी न वाकणारी ताठ टोके, म्हणजे 'बाश'. टोके ताठ असल्यामुळे तरफेसारखी चालतात, आणि पूर्ण ओढीच्या वेळी हाताला अचानक जड लागत नाही.

आता वाकवणे. लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने एकमेकांना बांधलेले असतात. ओलावा आणि उष्णता एकत्र मिळाली की लिग्निन मऊ होते. म्हणून पट्टी उकळत्या पाण्यात किंवा वाफेत ठेवतात. सुतारांचा ठोकताळा असा, की 25 मिलिमीटर जाडीला साधारण एक तास वाफ लागते. गाभ्याची पट्टी पातळ असल्याने तिला बराच कमी वेळ पुरतो. बाहेर काढल्यावर मात्र वेळ काढून चालत नाही. साचा, दोऱ्या आणि शिकंजे आधीच मांडून ठेवावे लागतात, कारण पट्टी गार होऊ लागली की लिग्निन पुन्हा घट्ट होते. जोर झटक्याने न देता सलग आणि सावकाश द्यावा लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वाफवलेले लाकूड दाबले तर पुष्कळ दबते, अगदी पाव हिश्श्यापर्यंत. ताणले तर मात्र एक-दोन टक्क्यांच्या पुढे जात नाही आणि तुटते. म्हणून वाकवताना चीर नेहमी बाहेरच्या बाजूने सुरू होते. एकोणिसाव्या शतकात मिखाएल थोनेट यांनी वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या बनवल्या, तेव्हा बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी बांधण्याची युक्ती याच कारणासाठी वापरली. आपल्या मैदानावरच्या जुन्या लाकडी हॉकी स्टिकचे वळणही असेच, तुतीचे लाकूड ओलावा आणि उष्णता देऊन वाकवलेले. पुढच्या वेळी ती हातात घ्याल तेव्हा वळणावरचे तंतू पाहा. ते तुटलेले नसतात, लाकडाबरोबर वळलेले असतात.

साच्यावर बांधलेली पट्टी पूर्ण वाळेपर्यंत सोडायची नसते. सोडल्यावरही ती थोडी उलगडते, म्हणून साच्याचे वळण हव्या असलेल्या वळणापेक्षा जरा जास्त ठेवतात. मग तुकडे जोडतात. एकाच्या टोकाला पाचरीसारखा निमुळता आकार आणि दुसऱ्यात तसाच खाचा. तुकडे नुसते टोकाला टोक लावून चिकटवले तर सरस टिकत नाही, कारण तंतूंची उघडी तोंडे तो पिऊन टाकतात. निमुळत्या सांध्यात तंतूंच्या लांब बाजू एकमेकींना भिडतात आणि चिकटायला पुष्कळ पृष्ठभाग मिळतो. जोडल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून तो मुठीच्या बरोबर मधून जातो का हे पाहायचे. या टप्प्यावर दिसलेला पीळ दुरुस्त होतो. वर शिंग आणि कंडरा चढल्यावर तो दिसतही नाही आणि निघतही नाही.

त्यानंतर दातेरी हत्याराने लाकडावर आणि शिंगावर लांबीच्या दिशेने बारीक खाचा पाडतात, पातळ सरसाचे अनेक हात देतात, शिंग दोरीने करकचून आवळतात, आणि मग कंडरांचे थर. प्रत्येक थर वाळायला वेळ लागतो. अशी एक कमान पुरी व्हायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त काळ जाई.

लष्करी शाळेत हा हिशेब मला महत्त्वाचा वाटतो. 1571 साली लेपांतोच्या सागरी लढाईत उस्मानी आरमाराचा पराभव झाला. पुढच्या काही महिन्यांत त्यांनी जहाजे पुन्हा बांधली. पण बुडालेल्या अनुभवी तिरंदाजांची जागा इतक्या लवकर भरून निघाली नाही, असे इतिहासकार सांगतात. बंदूक शिकवायला थोडे दिवस पुरत, तिरंदाज घडायला अनेक वर्षे लागत आणि त्याच्या हातातली कमानही घाईत होत नसे. बंदुका पसरल्या तशी ही कला मागे पडली.

ती पूर्ण पुसली गेली नाही याचे मोठे श्रेय लिहून ठेवणाऱ्यांना आहे. सुलतान दुसरा महमूद याच्या काळातल्या मुस्तफा कानी यांचा तिरंदाजीवरील ग्रंथ 1847 साली इस्तंबूलला छापला गेला. कमान कशी बनवावी हेही त्यात आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल क्लॉपस्टेग यांनी 1934 साली तुर्की तिरंदाजीवर पुस्तक लिहिले, त्यालाही या ग्रंथाचा आधार होता. विसाव्या शतकात इस्तंबूलचे सुलेखनकार नेजमेत्तिन ओक्याय यांनी तिरंदाजीची परंपरा जपली. त्यांच्या आडनावातच 'ओक' म्हणजे बाण आणि 'याय' म्हणजे धनुष्य आहे. 2019 साली पारंपरिक तुर्की तिरंदाजीची युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद झाली.

शिंगाची कमान भारतालाही परकी नाही. विष्णूच्या धनुष्याचे नाव शार्ङ्ग, म्हणजे शिंगाचे. मोगलकालीन शिंगाच्या कमानी आपल्या संग्रहालयांत आहेत. सुट्टीत आईवडिलांबरोबर अशा ठिकाणी गेलात तर वरची सोनेरी नक्षी पाहून पुढे जाऊ नका. टोकाजवळ सांध्याची रेषा शोधा, दोन्ही बाजू सारख्या वळल्या आहेत का ते पाहा. घरी मात्र जाड दोरी आणि बांबू घेऊन जोराची कमान करून पाहू नका. ताणलेली कमान तुटली तर तिचे तुकडे चेहऱ्याच्या अगदी जवळ उडतात. वाकवून पाहायचेच असेल, तर कार्यशाळेत या. एक पातळ पट्टी, उकळते पाणी आणि एक साचा एवढ्यात लिग्निनचा धडा पुरा होतो.