पोर राहील कुठं?

बारावीचा निकाल लागला, की गावात पेढे वाटले जातात. येणारा-जाणारा विचारतो, "मार्क किती? नंबर कुठं लागला?" घरातली म्हातारी मात्र वेगळेच विचारते, "पोर राहील कुठं?" तिच्या या प्रश्नाकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. वास्तविक, शिक्षणाच्या साऱ्या खटाटोपातला सर्वांत कठीण प्रश्न तोच असतो.

आमचे फुलंब्री सिल्लोड-जळगावच्या रस्त्यावर. चौक्याचा घाट ओलांडला की औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. फुलंब्रीच्या पोरांना निदान 'अपडाऊन' करता येते. पण फाट्यापासून आत असलेल्या खेड्यातल्या मुलीचे काय? तिचे प्रॅक्टिकल संपेपर्यंत गावाकडची शेवटची एस.टी. निघून गेलेली असते. शहरात खोली मिळाली तर ती शिकते, नाही मिळाली तर पुढच्या वर्षी तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

मी शहरात शिकायला गेलो तो काळ १९७८च्या आसपासचा. पत्र्याची पेटी, वळकटी आणि रॉकेलचा स्टोव्ह, एवढे सामान. एक वर्गमित्र आणि मी औरंगपुरा, गुलमंडी, पदमपुरा असे पायी धुंडाळत होतो. त्याच वर्षी जुलैत मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. दलितांच्या वस्त्या जळाल्या. त्या दिवसांत एक खोली आम्हांला पसंत पडली, भाडेही ठरले. मग मालकांनी आडनावे विचारली. माझे ऐकून त्यांनी मान डोलावली. मित्राचे ऐकल्यावर मात्र, खोली कालच दुसऱ्याला दिल्याचे त्यांना एकाएकी आठवले. आम्ही दोघेही जिना उतरलो. मित्र एवढेच म्हणाला, "चल, चहा घेऊ."

पुढे त्याला नागसेनवनातल्या वसतिगृहात जागा मिळाली. तो शिकला, शिक्षक झाला आणि मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाला.

नागसेनवन उभे राहिले त्यामागचा विचार लक्षात घेण्याजोगा आहे. निजामी राजवटीत मराठवाड्यातल्या पोराला पदवीसाठी थेट हैदराबाद गाठावे लागे. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालयाचे काम सुरू केले आणि त्या परिसरात वसतिगृहेही झाली. पदवी घेऊन आलेल्या खुद्द बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात राहायला जागा मिळाली नव्हती. नाव लपवून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले आणि तिथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. डोक्यावर छप्पर नसेल तर डोक्यातली विद्याही निराधार होते, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

त्याआधी राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणले. पोरांच्या भाकरीसाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तीही याच गरजेपोटी. खेड्यातल्या मुलाला शाळेच्या आधी चूल आणि पथारी लागते, हे या मंडळींनी ओळखले होते.

आज काय चित्र आहे? पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची पोरे 'कॉट बेसिस'वर राहतात. खोली भाड्याने मिळत नाही, खाट मिळते! भिंतीतली एक खुंटी, एक खण आणि अनामत रक्कम. २०२० च्या टाळेबंदीत पोरे गावी परतली, खोल्यांना कुलपे लागली. तरी अनेकांच्या मागे भाड्याचा तगादा चालूच राहिला.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली. पुण्या-मुंबईसाठी तिच्यात वर्षाला साठ हजार रुपये ठरले; त्यांपैकी निवासाचे वीस हजार. बँकेत उभे आयुष्य आकडेमोडीत गेले, म्हणून भागाकार केला. महिन्याला सोळाशे सहासष्ट रुपये! शिवाय ही रक्कम पुष्कळदा उशिरा जमा होते, आणि घरमालक तर भाडे महिन्याच्या आरंभीच मागतो.

शैक्षणिक कर्जाचीही तीच गत. वसतिगृहाचा आणि बाहेर राहण्याचा वाजवी खर्च कर्जात धरता येतो. पण माझ्या टेबलासमोर बसलेला शेतकरी बाप कॉलेजच्या फीचा कागद बरोबर पुढे करी आणि भाड्याचा कागद मागितला की गप्प होई. "सायेब, मालक पावती देत न्हाई." कागद नाही म्हणून तो खर्च धरता येत नसे. मग तेवढ्यासाठी सावकार गाठावा लागे, नाहीतर गोठ्यातली गाय विकावी लागे.

तेव्हा पालकहो, कॉलेजात प्रवेश घेण्यापूर्वी वसतिगृहाचा अर्ज भरा. त्याची मुदत वेगळी असते. अनामत देताना करार आणि पावती घ्या. खोली दिवसाच नव्हे, रात्रीही पाहा. पाणी केव्हा येते, ते शेजाऱ्याला विचारा. मुलीसाठी पाहत असाल तर तिला सोबत न्या, राहायचे तिला आहे.

आणि शहरात ज्यांची एखादी खोली रिकामी आहे, त्यांनाही थोडे सांगायचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांचे वडील वा आजोबा असेच एखादी पेटी घेऊन कुणाच्या तरी दारात उभे राहिले होते. त्या दिवशी कुणीतरी आत घेतले, म्हणून आज आपले स्वतःचे दार आहे. उद्या एखादे पोर जिना चढून वर आले, तर त्याला आडनाव विचारू नका. काय शिकतोस, ते विचारा.