मावळच्या भाताची बिअर, मावळचा बर्गर

उर्से टोलनाका म्हटलं की मुंबई-पुणे ये-जा करणाऱ्यांना फास्टॅगची रांग आठवते. पण नाक्यापलीकडे मावळातलं एक गाव आहे, फिनोलेक्सचा केबल कारखाना आहे, आणि चहूकडे भातखाचरं आहेत. ताजी बिअर आणि हातानं थापलेला बर्गर देणारा लहानसा पब अशा गावात चालेल का? माझं उत्तर ठाम ‘हो’ असं आहे. अट एकच, तो पब मावळचा वाटला पाहिजे.

पुण्यात ही वाट २००९ साली पडली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी कॉरिंथियन्स हॉटेलात ‘डूलाली’ सुरू केलं आणि बिअर बनवायला ऑलिव्हर शाऊफ हा जर्मन ब्रूअर आणला. डूलाली हे नाव नाशिकजवळच्या देवळाली छावणीवरून आलेलं. पुढे शहरात ‘इंडिपेंडन्स’, ‘एफिनगट’ आले. ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’नं बिअरमध्ये कोकम घातलं, तर ‘मूनशाइन’नं मधापासून मीड बनवलं. आपल्या मातीतली चव बिअरला मानवते, हे पुणेकरांनी पाहिलं आहे.

अशा बिअरचं मर्म ताजेपणात आहे. भरडलेला माल्ट साधारण ६५ अंशांच्या पाण्यात मुरवला की पिठाची साखर होते. तो गोड रस गाळून हॉप्ससोबत उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टच्या हवाली करायचा. गव्हाच्या हेफेवायझेनला येणारा केळ्या-लवंगेचा वास हे सगळं त्या यीस्टचंच काम. त्यात केळं नसतं, लवंगही नसते. ही बिअर सहसा पाश्चराइज करत नाहीत, म्हणून ती थंडच ठेवावी लागते आणि लवकर संपवावी लागते. लांबच्या गोदामात पडून राहणं तिला सोसत नाही. म्हणून तर ती जिथं बनते, तिथंच प्यावी.

इथं मावळचं पारडं जड होतं. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं १९८७ साली ‘इंद्रायणी’ वाण दिलं. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांचा हा संकर. सुवासिक आणि शिजल्यावर चिकट. तांदळानं बिअर हलकी होते. मात्र तो आधी वेगळा शिजवावा लागतो, आणि साखर करणारी विकरं त्यात पुरेशी नसल्यानं जवाच्या माल्टची साथ लागते. चिकटपणामुळे गाळण तुंबू शकते. त्यावरचा उपाय भातगिरणीतच पडलेला असतो. धुतलेलं तूस मिसळलं की रस मोकळा वाहतो. उरलेला ओला चोथा आंबायच्या आत गोठ्यात पोचवला, तर तो जनावरांना चांगला खुराक.

बर्गरच्या बाबतीतही पुण्याचा इतिहास जुना आहे. ‘बर्गर किंग’ नावाचं इथलं हॉटेल १९९२ पासूनचं, तर त्याच नावाची अमेरिकन कंपनी भारतात आली २०१४ साली. नावावरून कंपनीनं केलेला दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयानं २०२४ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयानं अपिलाच्या निकालापर्यंत हॉटेलला ते नाव वापरायला मनाई केली. खवय्ये पाटीपेक्षा चवीला जागतात, हे मात्र तीन दशकांनी दाखवून दिलं.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय-बैलाचं मांस नाही, तेव्हा मटणाचा खिमा उत्तम. तो जाडसर हवा आणि त्यात पाचवा हिस्सा चरबी हवी. मीठ टिक्की तव्यावर टाकतानाच लावायचं; आधीपासून मळलं तर टिक्की रबरासारखी चिवट होते. तवा कडक तापलेला असावा, म्हणजे खालची बाजू खरपूस होते. त्या चरबीवर हॉप्सचा कडवटपणा छान उतारा देतो. शाकाहाऱ्यांसाठी गोठवलेली बटाट्याची टिक्की मांडू नये. पावट्याची, नाहीतर मावळच्याच मशरूमची करावी.

जागा निवडताना कायदा पाहावा लागेल. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी घातली. २०,००० पर्यंत वस्तीच्या ठिकाणी हे अंतर पुढे २२० मीटर केलं. मला हे बंधन योग्य वाटतं. पब रस्त्याकडेला नकोच, तो गावात हवा. तिथं मुद्दाम वाट वाकडी करून माणसं यावीत.

तेव्हा मावळात पब काढणाऱ्यांनो, माल्ट आणि हॉप्स हवे तिथून आणा, पण तांदूळ, तूस आणि भाजी इथलीच घ्या. आणि वाचकहो, असा पब निघाला तर जरूर जा. मात्र ज्याच्या हाती गाडीचं स्टिअरिंग आहे, त्यानं फक्त बर्गर खावा.