एक्स्टेन्शनला सेटिंग्जचें पान

कोयना व केरा यांच्या संगमावरील पाटण गांवीं पावसाळ्यांत एक आंकडा आवर्जून वाचला जातो: कोयना धरणांतील पाणी. धरणाची क्षमता १०५.२५ अब्ज घनफूट. घनमीटरांत मोजल्यास सुमारें २९८ कोटी. ब्राउझरमध्यें वाचतांना हें रूपांतर आपोआप करणारें एक्स्टेन्शन लिहिणें अवघड नाहीं. पण माप कोणतें हें लिहिणाऱ्यानेंच ठरविलें, तर वाचक तें लौकरच काढून टाकील. यासाठीं सेटिंग्जचें पान.

पान म्हणजे साधी एचटीएमएल फाइल. तिचें नांव मॅनिफेस्टमध्यें 'ऑप्शन्स यूआय' या नोंदीखालीं द्यावयाचें व 'स्टोरेज' ही परवानगी मागावयाची. खरा विचार लागतो तो निवड कोठें ठेवावी याचा. क्रोमच्या 'सिंक' कोठारांतील निवड खात्याबरोबर वाचकाच्या दुसऱ्या यंत्रावरही जाते, मात्र तेथें जागा सुमारें १०० किलोबाइटच. 'लोकल' कोठार पुष्कळ मोठें, पण त्याच यंत्रापुरतें. मापाची निवड चार अक्षरांची. तिला सिंकच योग्य. खोऱ्यांत जाळें तुटलें तरी ती यंत्रावर लिहिली जाते व जोडणी येतांच पुढें जाते.

एक गोष्ट बहुधा विसरली जाते. प्रथम कोठार रिकामेंच असतें. वाचतांनाच मूळ माप पुरविलें नाहीं, तर मापाच्या जागीं 'अनडिफाइन्ड' असें उमटतें. धरणाचे दरवाजे उघडण्याच्या दिवशीं नदीकांठच्या घराला तो शब्द काय उपयोगाचा? शिवाय कोठारांतील बदलाची वर्दी घेणारी सोय जोडावी. म्हणजे उघडीं पानें नवें माप तत्काळ दाखवितात, एरव्हीं तीं पुन्हां उघडावीं लागतात.