सिद्धगडाच्या पायथ्याशी कायद्याचा अभ्यास

२ जानेवारीला आम्ही सिद्धगडाच्या पायथ्याशी होतो. मुरबाडहून निघालेली गाडी जांभुर्डे धरणाच्या बाजूने आत शिरली, तेव्हा अजून नीट उजाडलेही नव्हते. १९४३ साली याच तारखेला पहाटे पोलिसांनी या जंगलात छापा घातला आणि भाई कोतवाल व हिराजी पाटील गोळीबारात पडले. दरवर्षी या दिवशी त्यांच्या स्मारकापाशी लोक जमतात. शाळेची मुले येतात, म्हातारे येतात, भाषणे होतात. यंदा आमच्यासोबत तीन मुले होती. एक मुरबाडची मुलगी, एक शहापूरचा मुलगा आणि एक गडाखालच्या ठाकरवाडीतला. तिघेही यंदा बारावीला आहेत आणि तिघांनाही वकील व्हायचे आहे. मुलीच्या अब्बांनी सांगितल्यावरून कुणाचेच नाव इथे देत नाही.

त्यांना इथे आणण्याचे कारण साधे होते. भाई कोतवाल हे कायद्याचे पदवीधर होते, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेल्या या माणसाने एलएलबी केले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्षपद सांभाळले, सावकाराच्या वहीत अडकलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्याची पेढी काढली. बेचाळीसच्या चळवळीत मात्र त्यांनी आझाद दस्ता उभा केला आणि विजेचे मनोरे पाडायला सुरुवात केली.

"म्हणजे वकिलानेच कायदा मोडला की," शहापूरचा मुलगा म्हणाला.

ठाकरवाडीतल्या मुलाला ते पटले नाही. "कायदा कुणाचा होता ते बघ ना आधी," तो म्हणाला. परतीच्या वाटेवर दोघांचे हेच चालू होते. मुलगी मात्र गप्प होती. ती का गप्प होती ते पुढे सांगतो.

आधी परीक्षेबद्दल, कारण आमच्या अनेक वाचकांच्या घरी याच वयाची मुले आहेत. सीबीएसईच्या शाळांत अकरावी-बारावीला 'लीगल स्टडीज' असा विषय घेता येतो. राज्य मंडळाच्या आपल्या कनिष्ठ महाविद्यालयांत ती सोय नाही. कला शाखेत राज्यशास्त्र असते आणि कायद्याची तोंडओळख तेवढीच. त्यामुळे बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएलबीला जायचे तर खरी कसोटी लागते ती राज्य सीईटी कक्षाच्या विधी प्रवेश परीक्षेत. पूर्वी १५० प्रश्न असत, आता १२० आहेत आणि वेळ दोन तास. कायद्याचे ३२, तर्काचे ३२, सामान्य ज्ञानाचे २४, इंग्रजीचे २४ आणि गणिताचे ८. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. पेपर मराठीतही असतो. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीची क्लॅट वेगळी. ती फक्त इंग्रजीत होते आणि तिथे चुकीला पाव गुण जातो.

मराठीत पेपर असतो, हे ऐकून मुरबाडच्या त्या मुलीची अम्मी म्हणाली होती, "मग आमची पोर मागे कशाला राहील?" बरोबरच आहे. आपल्याकडे अजून असा समज आहे की कायदा म्हणजे इंग्रजी. तालुका आणि जिल्हा न्यायालयाची भाषा मराठी आहे. फिर्याद मराठीत, साक्ष मराठीत, सातबारा मराठीत. ज्या घरात मराठी आणि उर्दू दोन्ही चालते तिथल्या मुलांना जुना उर्दू दस्तही वाचता येतो आणि तलाठ्याची नोटीसही. मुरबाड-शहापूरच्या कोर्टात अशा वकिलाला कामाची ददात पडणार नाही, असे आम्हाला वाटते.

तिघांच्या अभ्यासाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुरबाडला रेल्वे नाही. शिकवणी कल्याणला, म्हणजे एसटीने तासाभराहून जास्त, आणि ठाकरवाडीतल्या मुलाला तर आधी मुरबाड गाठायलाच अर्धी सकाळ जाते. म्हणून तिघांनी शिकवणी सोडली आणि रविवारी मुलीच्या घरच्या ओटीवर बसायला सुरुवात केली. अम्मी चहा करते आणि दार उघडे ठेवते. पहिले पुस्तक मुलीच्या मामेभावाने दिले. आम्ही ते हातात घेतले आणि पहिल्याच पानावर थांबलो. त्यात सगळा भर भारतीय दंड संहितेवर होता. १८६० ची ती संहिता १ जुलै २०२४ पासून गेली. तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. ५११ कलमांची ३५८ झाली आणि आकडे सगळे बदलले. खुनाची शिक्षा ३०२ मध्ये होती, ती आता १०३ मध्ये. नवऱ्याने व सासरच्यांनी केलेल्या छळाचे ४९८-अ आता ८५ आणि ८६ मध्ये. फसवणुकीचे ४२० गेले ३१८ मध्ये. बोलीभाषेतल्या 'चारसोबीस' माणसाला आता 'तीनशेअठरा' म्हणायचे का, यावर मुले बरीच हसली. पण विनोद बाजूला ठेवा. रद्दीतून किंवा नातेवाइकाकडून आलेले पुस्तक कोणत्या साली छापले आहे, हे पालकांनी आधी पाहावे. तिघांनी वहीत दोन रकाने करून जुने-नवे आकडे स्वतःच लिहून काढले. कायद्याचा मूळ मसुदा सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतो, तो मोबाइलवर उघडून.

कायद्याचे प्रश्न बहुतेकदा दोन भागांत येतात. आधी एक तत्त्व देतात, मग एक प्रसंग. उत्तर त्या तत्त्वातून काढायचे, आपल्या मनातून नाही. आम्ही त्यांना एक प्रसंग दिला. तत्त्व असे : निसटली तर दुसऱ्याचे नुकसान होईल अशी वस्तू जो आपल्या जमिनीत साठवतो, त्याने ती निसटल्यास भरपाई द्यावी, मग त्याची चूक असो वा नसो. प्रसंग असा : एकाने चांगल्या ठेकेदाराकडून मोठे तळे बांधून घेतले, बांध फुटला आणि शेजाऱ्याची भातखाचरे वाहून गेली. भरपाई द्यायची का? शहापूरच्या मुलाने लगेच सांगितले, "नाही, त्या बिचाऱ्याची काय चूक?" गुण गेला. तत्त्वातच लिहिले आहे की चूक पाहायची नाही. ही काही बनवलेली गोष्ट नव्हे. इंग्लंडमध्ये तळ्याचे पाणी शेजारच्या खाणीत शिरल्यावरून १८६८ साली असाच निकाल झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या वायुगळतीच्या खटल्यात १९८६ साली, भोपाळनंतर, धोकादायक कारखान्यांसाठी तो आणखी कडक केला. त्यांना कसलीही सबब सांगता येत नाही. भातसा आणि तानसा ज्याच्या तालुक्यात आहेत, ज्याच्या गावाला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते आणि पाणी मात्र मुंबईला जाते, त्या मुलाला धरणावरचा प्रश्न परका वाटायला नको होता. तोच चुकला. पुन्हा चुकणार नाही.

यंदा आणखी एक अडचण आहे. बारावीची परीक्षा १० फेब्रुवारीला सुरू होते आणि तिसऱ्या आठवड्यात रमजान लागतो. गेल्या वर्षीही पहिला रोजा २ मार्चला, परीक्षा चालू असतानाच आला होता. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे पुढच्या वर्षीही हे टळणार नाही. अनुभवी अम्मींचे म्हणणे असे, की सहरीला उठलेल्या मुलाला पुन्हा झोपवू नये. फजरनंतरचे दोन तास डोके सर्वांत स्वच्छ असते. दुपारी मात्र जोर लावू नये, झोपू द्यावे. तरावीहहून आल्यावर रात्री दोनपर्यंत जागण्याचा हट्ट मुले करतात, तो मोडावा. सीईटी एप्रिल-मेमध्ये होते, तोवर ईद होऊन गेलेली असते. ईदनंतर पाहुणे किती दिवस ठेवायचे, हे घरातल्या मोठ्यांनीच ठरवायचे असते.

खर्चाचेही बोलायला हवे. मुलींसाठी २०२४-२५ पासून राज्य सरकारचा एक निर्णय आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झाला पाहिजे. मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. कोकणी मुस्लिम घरांना बहुधा ईडब्ल्यूएसचा दाखला काढावा लागेल. हे दाखले निकाल लागल्यावर काढू म्हणणाऱ्यांची जागा दाखल्यापायी जाते, असे आम्ही पाहिले आहे. आजच अर्ज करा.

आता त्या मुलीची गोष्ट. ती अकरावीत असताना तिची फुफी एक कागद घेऊन घरी आली. दादांच्या जमिनीच्या वारस नोंदीचे काम चालू होते आणि फुफीला उपनिबंधक कार्यालयात सही करायची होती. तिने सहज भाचीला म्हटले, "वाच गं, काय लिहिलंय." मुलीने वाचले. 'स्वखुशीने' आणि 'कोणताही मोबदला न घेता' हे शब्द आल्यावर ती थांबली. तो हक्कसोड कागद होता. ज्याच्या नावे हक्क सोडायचा होता, तो तिचा स्वतःचा अब्बाच होता.

फुफीने त्या दिवशी सही केली नाही. सूरह निसाने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे, हे तिला ठाऊक होते. कागदावर काय आहे, ते तेवढे ठाऊक नव्हते. घरात पंधरा दिवस अबोला होता. अब्बांचे म्हणणे, बहिणीचे लग्न मी केले, तिच्या मुलांचे आजारपण मी काढले, हे कुठल्या कागदावर आहे? त्यांचे दुःखही खोटे नव्हते. म्हणून पुढे मुलीने वकिलीचे नाव काढले तेव्हा ते म्हणाले, "पहिली केस बापावरच करणार का?" सिद्धगडाच्या वाटेवर ती गप्प होती ती यामुळे.

वकिली म्हणजे खोटे बोलण्याचा धंदा, असेही त्यांनी ऐकवले. हे वाक्य आपल्या वस्तीत फार चालते. आम्ही त्यांना बद्रुद्दीन तय्यबजींची आठवण दिली. १८६७ साली ते मुंबईतले पहिले भारतीय बॅरिस्टर झाले, १८७४ साली अंजुमन-ए-इस्लामच्या स्थापनेत पुढे होते, १८८७ साली काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पुढे हायकोर्टात न्यायाधीश असताना, १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता, तो त्यांनी मंजूर केला. सर्वोच्च न्यायालयात १९८९ साली पहिली महिला न्यायाधीश झाली तीही एक मुस्लिम स्त्री, फातिमा बीवी. अब्बांनी ऐकून घेतले. काही बोलले नाहीत.

पण मागच्या महिन्यात ते मुलीला घेऊन मुरबाडच्या कोर्टात गेले. न्यायालय सर्वांना खुले असते, मागच्या बाकावर शांत बसायचे असते. दोघे दुपारपर्यंत बसले. एका वृद्ध बाईचा वाटणीचा दावा चालू होता. तारीख पडली आणि ती उठून गेली. बाहेर टपरीवर चहा घेताना अब्बांनी विचारले, "त्या बाईला वकील कुणी दिला असेल?" मुलीने सांगितले की विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, तालुक्यातही समिती असते.

सीईटीचा अर्ज कल्याणच्या सायबर कॅफेत भरला, तेव्हा पैसे फुफीने दिले. अब्बांनी ते घेतले. फुफीच्या वाट्याचे अजून ठरलेले नाही. गेल्या रविवारी आम्ही ओटीवर होतो तेव्हा तलाठी कार्यालयातून फेरफाराची नोटीस आली होती. हरकत घ्यायला पंधरा दिवस. अब्बांनी चष्मा शोधला, सापडला नाही, आणि कागद मुलीकडे दिला.

"मोठ्याने वाच," ते म्हणाले, "आणि फुफीला फोन लाव. तिलाही ऐकू दे."