शेवटच्या पन्नास ग्रॅमचा हिशेब

मलकापूरला खेटून असलेल्या कऱ्हाडात कोयना कृष्णेला मिळते आणि ते पाणी पार आंध्रात, हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात उतरते. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावतीच्या लोंढ्यापुढे आपली कृष्णा किरकोळच. पण या साऱ्या नद्यांचे गोडे, हलके पाणी खाऱ्या पाण्यावर पसरून राहते आणि तिथे पाण्याखाली फिरणारा संशोधनाचा ग्लायडर सोडणाऱ्यांची पंचाईत करते.

ग्लायडरला पंखा नसतो. लिटरभराहून कमी तेल पोटातून बाहेरच्या रबरी पिशवीत ढकलले की आकारमान वाढून तो वर येतो. आत ओढले की बुडतो. बाजूंच्या पंखांमुळे ही चढउतार पुढे सरकण्यात बदलते. वेग ताशी जेमतेम किलोमीटरभर, खोली हजार मीटर.

आता हिशेब बघा. पाण्याची घनता लिटरमागे एका ग्रॅमने घटली, की पन्नास लिटर आकारमानाच्या ग्लायडरला वर ढकलणारा जोर पन्नास ग्रॅमने घटतो. उपसागरात वरच्या-खालच्या पाण्यातला फरक कित्येक ग्रॅमांचा असतो. वजन चुकले, तर अँटेना पाण्याबाहेर येतच नाही आणि उपग्रहाशी बोलणे खुंटते. म्हणून दुरुस्तीनंतर टाकीत बुडवून, शिशाचे तुकडे कमी-जास्त करून वजन जुळवतात. माझ्या मते खरी कारागिरी इथेच आहे. बॅटऱ्या बदलणे त्यामानाने सोपे.

मात्र बॅटऱ्यांसाठी कवच उघडावे लागते. सांध्यातल्या रबरी कड्यावर, म्हणजे ओ-रिंगवर, एक केस राहिला तरी शंभर वातावरणांच्या दाबाखाली पाणी आत शिरू शकते. बोअरच्या मोटारी भरणाऱ्या मिस्त्रीला हे सांगायला नको. कवच बंद केल्यावर आतली हवा थोडी खेचून दाब टिकतो का, ते पाहतात.

दुसरा शत्रू म्हणजे अंगाला चिकटणारे बार्नेकल हे कवचधारी जीव. २००९ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या ‘आरयू-२७’ या ग्लायडरने २२१ दिवसांत अटलांटिक ओलांडला, वाटेत अझोर्स बेटांजवळ माणसांनी समुद्रात उड्या टाकून बार्नेकल खरवडले, तेव्हा कुठे त्याची चाल सुधारली.

आपल्याकडे २०१६च्या पावसाळ्यात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘सिंधु साधना’वरून भारतीय-ब्रिटिश चमूने उपसागराच्या दक्षिण भागात ग्लायडर सोडले. अरबी समुद्राचे खारट पाणी उपसागरात खालून कसे घुसते, हे त्यांना टिपायचे होते.

ग्लायडर पुन्हा सोडताना पहिली बुडी मुद्दाम उथळ देतात. तो वर येऊन आकडे पाठवतो, त्यावरून तेलाचे प्रमाण किनाऱ्यावरूनच सुधारता येते. आकडे पटले नाहीत, तर जहाज हलत नाही. त्याला परत डेकवर घेतात.