पैसे बंद करणं म्हणजे तोंड बंद करणं नव्हे

पालकांसाठी मी शिबिरं घेते. समलिंगी किंवा ट्रान्सजेंडर मुलांचे आईवडील तिथे येतात, मनातलं बोलतात. गेल्या काही वर्षांत तिथे एक वाक्य हमखास कानावर येतं: "मॅडम, अमेरिकेत तर आता मुलाशी या विषयावर बोलायलाही बंदी आहे म्हणे. समुपदेशकाकडे नेलं तरी गुन्हा!" मागच्या वेळी हे म्हणणाऱ्या बाईंचा भाचा नॉर्थ कॅरोलायनात, केरी गावात राहतो. त्या भागात मराठी कुटुंबं बरीच आहेत. कुटुंबाच्या ग्रुपवर संदेश आला होता. मी विचारलं, "कोणता कायदा?" त्या म्हणाल्या, "ते सरकारने पैसे बंद केले ना, तोच."

सगळा घोळ इथे आहे. पैसे बंद करणं वेगळं आणि बंदी घालणं वेगळं. हे मी इतक्यांदा सांगितलं आहे की आता एकदाच नीट लिहून काढते.

आधी शब्द स्पष्ट करू. एखाद्याचा लैंगिक कल किंवा लिंगभावाची ओळख बदलायचीच, हे आधी ठरवून केलेल्या प्रयत्नांना कन्व्हर्जन थेरपी म्हणतात. जुन्या काळी त्यात विजेचे झटके होते, उलटी आणणारी औषधं होती. आता बहुतेक ठिकाणी ती बोलण्यातून चालते. "वडील लांब लांब राहिले, आई फार जवळ होती, म्हणून तू असा झालास," असं मुलाला आठवड्यामागून आठवडे ऐकवलं जातं. खोलीत खुर्च्या असतात, टेबलावर टिश्यूचा डबा असतो, भिंतीवर प्रमाणपत्र असतं. दिसायला सगळं समुपदेशनच.

मोठा गैरसमज: सरकारी निधी रोखला म्हणजे समुपदेशनावर बंदी आली

2 ऑगस्ट 2019 रोजी नॉर्थ कॅरोलायनाचे तेव्हाचे गव्हर्नर रॉय कूपर यांनी कार्यकारी आदेश क्रमांक 97 काढला. 18 वर्षांखालच्या मुलांवरच्या कन्व्हर्जन थेरपीसाठी राज्याच्या आरोग्य विभागाने राज्याचा किंवा केंद्राचा पैसा वापरू नये, असं त्यात सांगितलं. त्या आदेशाने कोणालाही तुरुंगात घातलं नाही. कोणत्या आईने मुलाशी काय बोलावं, चर्चमधल्या पाद्र्याने कोणती प्रार्थना करावी, यावरही त्यात काही नाही. विषय एवढाच होता की या गोष्टीचं बिल लोकांच्या करातून भरायचं नाही. मिशिगन आणि मिनेसोटाने 2021 मध्ये, अ‍ॅरिझोनाने 2023 मध्ये असेच आदेश काढले. न्यू यॉर्कने 2016 मध्येच नियम करून मेडिकेडचा आणि विमा कंपन्यांचा पैसा अल्पवयीन मुलांच्या बाबतीत थांबवला होता.

मेडिकेड ही तिथली कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीची सरकारी आरोग्य योजना आहे. अमेरिकेतल्या दहापैकी जवळपास चार मुलांच्या आरोग्याचा खर्च तिच्यातून भागतो. म्हणजे हा पैसा थोडाथोडका नाही. कोणत्याही आरोग्य योजनेत दर वेळी एकच प्रश्न विचारला जातो: हा उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा आहे का? आपल्याकडच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ठरावीक उपचारांची यादी असते. यादीबाहेरच्या उपचाराला योजनेतून पैसे मिळत नाहीत. निव्वळ दिसणं सुधारण्यासाठी कोणी नाकाची शस्त्रक्रिया करून घेतली, तर तो खर्च योजना देत नाही. पण म्हणून राज्यात नाकाच्या शस्त्रक्रियेवर बंदी आली, असं कोणी म्हणत नाही. हाच न्याय कन्व्हर्जन थेरपीला लावला की लोकांना अचानक स्वातंत्र्याची आठवण का व्हावी, हे मला खरोखर कळत नाही.

खरी बंदी कशी असते, तेही पाहू. कॅलिफोर्नियाने 2012 मध्ये कायदा केला की परवानाधारक मानसोपचारतज्ज्ञांनी 18 वर्षांखालच्या मुलांवर हा प्रयोग करायचा नाही. पैसा सरकारचा असो की पालकांच्या खिशातला, नियम तोच. मोडला तर परवान्यावर गदा. कॅनडाने तर जानेवारी 2022 पासून तो फौजदारी गुन्हाच केला. अशा कायद्यांवर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा वाद होतो आणि तो व्हावाही. कोलोराडोच्या 2019 च्या कायद्याला एका समुपदेशक महिलेने त्याच मुद्द्यावर आव्हान दिलं आणि प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. तो वाद गंभीर आहे. पण निधी रोखण्याच्या आदेशाला तो जसाच्या तसा चिकटवता येत नाही. तुम्हाला बोलायचा हक्क आहे, याचा अर्थ तुमच्या बोलण्याची फी मी भरावी असा होत नाही.

"मग मुलगा गोंधळलेला असेल, रडत असेल, तर त्याने कोणाकडे जायचं?" हा प्रश्न मनापासून विचारला जातो, म्हणून त्याचं उत्तरही नीट देते. अशा आदेशांत व्याख्या असते आणि तिच्यात काय वगळलं आहे तेही लिहिलेलं असतं. मुलाला आधार देणं, त्याचं म्हणणं समजून घेणं, स्वतःची ओळख शोधायला मदत करणं, आईवडिलांबरोबरचे ताण हाताळणं, हे सगळं समुपदेशन चालतं आणि त्याचे पैसेही मिळतात. शेवट काय हवा हे समुपदेशकाने आधीच ठरवून मुलाला तिकडे ढकलायला सुरुवात केली, की पैसे थांबतात.

व्याख्या इतकी काटेकोर का लागते, हे बिलाचा कागद पाहिल्याशिवाय कळत नाही. अमेरिकेत समुपदेशक मेडिकेडला बिल पाठवतो, तेव्हा त्यावर मुख्यतः दोन आकडे असतात. एक निदानाचा, दुसरा सेवेचा. 90834 म्हणजे साधारण 45 मिनिटांचं वैयक्तिक मानसोपचाराचं सत्र. निदानाच्या रकान्यात नैराश्याचा किंवा परिस्थितीशी जुळवून घेताना आलेल्या ताणाचा आकडा. बस. त्या 45 मिनिटांत मुलाला धीर दिला की त्याच्यात खोट आहे असं त्याला पटवलं, हे कागदावर कुठेच उमटत नाही. "कन्व्हर्जन थेरपी" नावाचा सेवेचा आकडाच नाही. म्हणून "असला उपचार सरकारी पैशाने होतच नव्हता, मग आदेश कशाला?" हा युक्तिवाद मला पटत नाही. तो नैराश्याच्या नावाखाली सहज होऊ शकतो, आणि ज्या मुलाला खरोखर नैराश्य आहे त्याच्याच नावावर होतो. मदतीसाठी आलेल्या मुलाचं निदान वापरून त्याला आणखी खचवायचं आणि त्याचं बिल सरकारला लावायचं, याची मला चीड येते. ती मी लपवणार नाही.

सरकारच्या पैशाबरोबर सरकारचा शिक्काही येतो, हे तर त्याहून मोठं. योजनेतून पैसे मिळतात म्हणजे तो उपचार असणारच, असं साधा माणूस धरून चालतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. आईवडील मुलाचं वाईट व्हावं म्हणून त्याला तिथे नेत नाहीत. शिक्क्यावर विश्वास ठेवून नेतात. म्हणून तो शिक्का काढून घेणं सरकारचं काम आहे.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

*"आजार आहे म्हणून तर उपचार आहे."* अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनने 1973 मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकिअ‍ॅट्रिक सोसायटीने, 2018 मध्ये तेच स्पष्ट केलं.

*"काहींना गुण येतो, तसा अभ्यास आहे."* सगळे ज्याचा दाखला देतात तो अभ्यास रॉबर्ट स्पिट्झर यांचा, 2003 चा. 200 जणांना फोनवर विचारून त्यांनी स्वतः सांगितलं ते नोंदवलं होतं. 2012 मध्ये स्पिट्झर यांनीच निष्कर्ष चुकीचा असल्याचं मान्य करून समलिंगी समाजाची माफी मागितली. त्याआधी 2009 मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने 1960 ते 2007 या काळातलं संशोधन तपासून सांगितलं होतं की कल बदलण्याचे प्रयत्न यशस्वी होण्याची शक्यता कमी आणि त्यात अपायाचा धोका आहे. हे प्रयत्न करणारी सगळ्यात मोठी ख्रिस्ती संघटना, एक्झोडस इंटरनॅशनल, 2013 मध्ये माफी मागून बंद झाली.

*"नुसतं बोलण्याने काय इजा होणार?"* अमेरिकन जर्नल ऑफ पब्लिक हेल्थमधल्या 2020 च्या एका अभ्यासात, कन्व्हर्जन थेरपीतून गेलेल्या तरुण मुलांमध्ये आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण इतर समलिंगी व ट्रान्सजेंडर मुलांच्या दुपटीहून जास्त आढळलं.

*"ज्याचा पैसा त्याची मर्जी, फसवणूक कसली?"* 2015 मध्ये न्यू जर्सीतल्या ज्यूरीने कन्व्हर्जन थेरपी विकणाऱ्या एका संस्थेला ग्राहकांची फसवणूक केल्याबद्दल दोषी धरलं. जी गोष्ट न्यायालयात फसवणूक ठरते, तिचं बिल करदात्याने भरायचं का?

*"सरकारला फक्त खर्च वाचवायचा आहे."* 2022 मध्ये जामा पेडिअ‍ॅट्रिक्समध्ये आलेल्या अंदाजानुसार अमेरिकेत या उपचारांचा आणि त्यांतून होणाऱ्या हानीचा वर्षाचा एकूण खर्च 9.23 अब्ज डॉलर आहे. त्यातला फार मोठा वाटा हानीचा, म्हणजे नंतरच्या नैराश्याचा, व्यसनांचा आणि आत्महत्येच्या प्रयत्नांचा आहे.

*"निधी रोखला की प्रश्न सुटला."* हा आमच्या बाजूच्या लोकांचा गैरसमज, आणि तोही तितक्याच स्पष्टपणे खोडायला हवा. 2020 च्याच दुसऱ्या एका अभ्यासात कन्व्हर्जन थेरपी सोसलेल्यांपैकी सुमारे 80 टक्क्यांनी ती धर्मगुरूंकडून झाल्याचं सांगितलं. तिथे सरकारचा पैसा नसतो, त्यामुळे निधीचा आदेश तिथे पोहोचतच नाही. शिवाय कार्यकारी आदेश ठिसूळ असतो. केंटकीचे गव्हर्नर अ‍ॅन्डी बेशिअर यांनी सप्टेंबर 2024 मध्ये असा आदेश काढला. मार्च 2025 मध्ये विधिमंडळाने तो निष्प्रभ करणारा कायदा केला, बेशिअर यांनी नकाराधिकार वापरला, आणि विधिमंडळाने तोही मोडून काढला. सहा महिन्यांत सगळं उलटं फिरलं.

"हे अमेरिकेतलं, आपल्याकडे नाही"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त दुखतं. 2001 मध्ये दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात समलिंगी कल "बरा" करण्याचे उपचार चालल्याची तक्रार राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे गेली होती. समलिंगी संबंध तेव्हा गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चं कारण देऊन आयोगाने ती दाखल करून घेतली नाही. ते रुग्णालय तुमच्या आमच्या करावर चालत होतं. 2020 मध्ये केरळमधल्या 21 वर्षांच्या एका विद्यार्थिनीचा गोव्यात मृत्यू झाला. घरच्यांनी आपल्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून औषधं दिली, असं तिने आधीच्या व्हिडिओत सांगितलं होतं. ती उभयलैंगिक होती; व्यसन तिला नव्हतंच.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. 7 जून 2021 रोजी मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी असे "बरं करण्याचे" वैद्यकीय प्रयत्न थांबवा, असं सांगितलं. त्याच प्रकरणातल्या निर्देशांवरून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये कन्व्हर्जन थेरपी हा डॉक्टरांचा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार असल्याचं राज्यांच्या वैद्यकीय परिषदांना कळवलं. म्हणजे एखादा डॉक्टर असा उपचार देऊ लागला, तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते. हे फार थोड्या पालकांना माहीत आहे.

केरीतल्या भाच्याच्या मावशींना मी शेवटी एवढंच सांगितलं. सरकारी रुग्णालयात मुलाला घेऊन जाल, तेव्हा हातातला केसपेपर वाचा. मुलगा झोपत नाही, खात नाही, कोणाशी बोलत नाही, असं लिहिलं असेल तर उपचार करून घ्या. त्याचा त्याला हक्क आहे. पण मुलगा ज्याच्यावर प्रेम करतो तेच आजार म्हणून लिहिलं असेल, तर तो कागद परत द्या आणि विचारा, "हे कोणत्या नियमात बसतं, डॉक्टर?"

बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण मॅडम, त्याच्याशी बोलायला तर बंदी नाही ना?"

नाही. कुठेच नाही. उलट आज घरी जाऊन तेच करा.